न धुतलेले गोटे

शेवटच्या भेटीत दादानं मला चहा मिळू दिला नाही. वहिनीनं केला होता, कप समोर ठेवलाही होता, पण खाटेवर पडल्या पडल्या हा म्हणाला, "काहून वं शांते, बादली कोण टाकन?" कळमेश्वरहून बसमध्ये उभ्यानं आलेली मी, गुडघे दुखणारी बाई... उठले, अंगणातल्या टाक्यातून माशांच्या पाण्याची बादली भरली, वरच्या ड्रमात ओतली, तेव्हा कुठे निवलेला चहा पदरात पडला. त्यानंतर आठवड्याभरात माझा हा मोठा भाऊ गेला. महिना होत आला, तरी त्याच्यावर लिहायला बसले की आधी हसूच येतं. रडू त्याच्या मागून येतं.

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्याच्या घरी गेलेल्या कुणालाही ही बादली चुकली नाही. अंगणात सिमेंटचं टाकं, त्यात रहू आणि कतला. टाक्याच्या वर, पायऱ्यांसारखे एकाखाली एक मांडलेले, उभे चिरलेले लोखंडी ड्रम. ड्रमांत माती नाही, नुसते गोटे. आणि त्या गोट्यांत पालक, सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, वांगी, टमाटर! माशांनी घाण केलेलं पाणी वर ओतायचं. ते गोट्यांतून झिरपत, भाजीला पोसत खाली यायचं आणि स्वच्छ होऊन पुन्हा माशांच्या टाक्यात पडायचं. तेच पाणी पुन्हा पुन्हा. उन्हाळ्यात नळ रुसून बसले तरी दादाचा पालक तजेलदार असायचा.

आम्ही मूळचे खाप्याचे. उन्हाळ्यात कन्हान आटली की पात्रातल्या रेतीत डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लागायच्या, आणि शेजारच्या डोहात मासे फिरायचे. दादा पुढे नागपुरात शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला, पण ते चित्र त्याच्या डोक्यातून गेलं नाही. "रेतीत डांगर येते, तर गोट्यात पालक काहून नाही येणार? आपण नदीच घरी आणू," म्हणाला, आणि खरंच कन्हानचे गोटे पोत्यांत भरून आणले. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, मंग मी कुरड्या कुठं वाळवू?" शेवटी तह झाला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे पाहुणे आमच्याकडे उतरतात. आमच्या घरानं धम्म स्वीकारला तेव्हापासूनची ती रीत. त्या पाहुण्यांच्या ताटात यंदा भाजी आणि मासा दादाच्या अंगणातला असेल, नाहीतर टाकं बुजवून अंगण वहिनीचं.

भाजी झकास आली. मासेही अंगाला लागले. आणि दसरा तोंडावर आला तसा दादाच्या अंगात त्याचा टापटीपपणा संचारला. रुमालालासुद्धा इस्त्री करणारा माणूस तो! घराला चुना लावून झाला, भांडी घासून झाली, मग याची नजर गोट्यांवर गेली. हिरवट, बुळबुळीत झाले होते. "पाहुण्यायनं हे शेवाळ पाहावं का?" म्हणत त्यानं एकेक ड्रम उपसला, धुण्याचा सोडा लावून नारळाच्या काथ्यानं गोटे घासले, उन्हात वाळवले, परत भरून रोपं लावली. शेवटचा ड्रम उरला तेवढ्यात यवतमाळचे पाहुणे दारात उभे राहिले, म्हणून तो तसाच राहिला.

मीही दसऱ्यासाठी तिथंच आले होते. दोन-तीन दिवसांत टाक्याला वास सुटला. पालकानं माना टाकल्या. मासे तोंडं उघडी टाकून पृष्ठभागावर येऊ लागले. "शांते, मासे वर येऊन राहिले..." एवढंच म्हणाला आणि टाक्याच्या काठावर बसून राहिला. जेवला नाही. वर्षभराचं त्याचं वेड डोळ्यांदेखत मरत होतं, आणि आपल्याच हातानं काय झालं ते त्याला कळत नव्हतं. मला फार वाईट वाटलं त्याचं.

टाकं जाणार म्हणून जिला आनंद व्हायला हवा होता, ती वहिनी उठली आणि प्रत्येक ड्रमाखालचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगत गेली. शेवटच्या, न धुतलेल्या ड्रमापाशी थांबली. "अवो, याच्या पाण्याले वास नाही. तुमी धुतली ते घाण नोयती, कामाची गोष्ट होती. तेच पानी साफ करत होतं." मग म्हणाली, "दुधाले विरजण लावतो तसं लावून पाहू का?" त्या ड्रमातले थोडे बुळबुळीत गोटे तिनं बाकीच्या ड्रमांत कालवले. माशांचं खाणं बंद केलं. शेजारच्या विहिरीपासून टाक्यापर्यंत पाहुण्यांची रांग लागली आणि बादल्या हातोहात सरकू लागल्या.

मासे वाचले. दसऱ्याला त्या एका ड्रमाचा पालक डाळभाजीत घातला, तो सगळ्यांना पुरला. माशाचं नाव काढताच यवतमाळच्या म्हाताऱ्या आत्या गरजल्या, "ज्याले आताच पानी पाजलं, त्याले आज नको कापू गा!" पुढच्या दसऱ्याला मात्र कापले, आणि आत्यांनीच दोनदा रस्सा मागून घेतला.

बादलीचा नियम तेव्हापासूनचा. पंप लाव म्हटलं की दादा म्हणायचा, "पंपाले बिजली लागते, पाहुण्याले चहा. चहा सस्ता आहे." वहिनीनं अंगण परत मागितलं नाही, कुरड्या गच्चीवर गेल्या.

परवा तिला भेटून निघताना तिनं मला दोन डबे दिले. एकात चार बोटुकली, बोटाएवढी माशांची पिल्लं. दुसऱ्यात ओले, बुळबुळीत गोटे, दादाच्या ड्रमातले. बसमध्ये दोन्ही मांडीवर घेऊन आले. पिल्लं घरी मोरीशेजारच्या जुन्या हौदात सोडतेय, तोवर सुनेनं दुसरा डबा उघडला. "ई, आई, केवढी घाण! आणा, धुऊन देते," म्हणून तिनं नळ सोडला.

"धुवू नको वं!"

मी एवढ्यानं ओरडले की ती दचकली, आणि मीही. तो आवाज, ती घाई... सगळं दादाचं होतं. डोळे भरून आले. सून घाबरून विचारू लागली, काय झालं. मी तिच्या हातात बादली दिली आणि चहाचं आधण ठेवलं.