मंजुळाकाकूंचं गवत

आमच्या उरणकडे माणसं रस्त्याने चपला घालून येतात आणि शेतात उतरताना त्या बांधावर काढून ठेवतात. मंजुळाकाकूंचं उलटं. कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत त्या अनवाणी यायच्या आणि स्वतःच्या शेतात उतरताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवायच्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "शेतात विष हाय, बाय. रस्त्यात नुसती धूल."

शेजारी टँकर धुण्याचं यार्ड होतं. त्याचं तेलकट पाणी कैक पावसाळे काकूंच्या खाचरात उतरलं. यार्ड बंद झालं, पण माती तपासली तेव्हा तेलाबरोबर शिसंही निघालं. भात दिसायला चांगला यायचा, खाण्याजोगा नव्हता. कृषी महाविद्यालयातल्या मॅडमनी हत्तीगवत लावायला सांगितलं. त्याची मुळं खोल जातात, मुळांभोवतीचे जंतू तेल संपवतात, थोडं थोडं शिसं गवताच्या ताटांत चढतं. गवत कापायचं, शेताबाहेर न्यायचं, पुन्हा वाढू द्यायचं. आमचा बचत गट त्याचा पांढरा कोळसा, म्हणजे जळणाच्या कांड्या, करतो आणि धूर व राख सांभाळण्याची सोय असलेल्या एकाच कारखान्याला देतो. कापणीचं वेळापत्रक माझ्याकडे, म्हणून काकूंशी गाठ पडली.

गावात टिंगल व्हायची. "मंजुला गवत राखते नि भात इकत खाते." काकू भांडत नसत. "आजारी बाईला कोन रांधाला लावतं?" एवढंच म्हणत.

एका मे महिन्यात गावातला चारा संपला. काकूंचे धाकटे दीर बबनभावजी त्या हिरव्यागार गवताचा भारा कापून आपल्या म्हशीपुढे टाकून बसले. काकूंना कळलं तशा त्या गोठ्यात गेल्या आणि म्हशीच्या तोंडातून गवत ओढू लागल्या. म्हैस सोडेना, काकूही सोडेनात.

"वैनी, मुक्या जनावराचा घास काढतेस?"

"हिचं दूध तुझी नात पिते ना? मंग सरल नातीलाच घाल ह्ये गवत."

भावजींनी भारा उचलला. पुढे बरेच दिवस त्यांनी वहिनींशी बोलणं टाकलं.

काही वर्षांनी मॅडमच्या सांगण्यावरून एका कोपऱ्यात चाचणीपुरता भात लावला. लोंब्या भरल्या तशा काकू रोज बांधावर जाऊन बसायच्या. "लगीन होऊन आले तवा पयला भात रांधला तो याच शेताचा," त्या मला म्हणाल्या. अहवाल आला. शिसं कमी झालं होतं, पण भात अजून खाऊ नका, बरीच वर्षं लागतील, असं त्यात स्पष्ट होतं.

त्याच सुमारास काकूंच्या नवऱ्याचं, काकांचं, दरवर्षीचं श्राद्ध होतं. भावजींनी गुपचूप त्या कोपऱ्यातला भात कापून, कांडून आणला आणि चुलीवर चढवायला लावला. "दादाच्या पानात दादाच्या शेताचा भात पायजे." आमच्याकडची रीतच तशी, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. काकू बाहेरून आल्या आणि नव्या भाताच्या वासानेच थबकल्या. उकळतं पातेलं उतरवलं, परसात खड्डा केला, भात त्यात ओतला आणि वर माती लोटली.

"वैनी, आमाला काय भूक न्हाय का या भाताची?"

"सगल्यांत जास्ती मला हाय, भावजी."

मग त्यांनी दुकानचा तांदूळ धुतला, शिजवला, पान वाढलं आणि काकांच्या फोटोला म्हणाल्या, "यंदा बी दुकानचाच. रागावलात तरी चालंल."

मी कापणीची तारीख ठरवायला गेले होते, ती न विचारताच परतले. आपल्या हयातीत तो भात ताटात पडणार नाही, हे काकूंना पक्कं कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गवताला पाणी सोडत होत्या. एवढी मोठी गोष्ट इतक्या सहज करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तेव्हा भावजीही उशाशी होते. काकू म्हणाल्या, "माझ्या पिंडाला बी दुकानचा तांदूल आना. कावल्यानं काय पाप केलंय?"

दहाव्याला तांदूळ भावजींनी स्वतः दुकानातून आणला. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. भावजींनी हात जोडले. मग माझ्याकडे वळले.

"गवत डोक्याच्या वर गेलंय, ताई. कापाला कवा येता?"

तेरा दिवस झाले की येऊ, असं मी म्हटलं.

"उद्याच या," ते म्हणाले.