सेराफिनाबाईंनी दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त

सेराफिना परेरा मरोळ गावठाणातली. अंधेरीच्या एका छोट्या इस्पितळात रक्त तपासायचं काम तिने बावीस वर्षं केलं. बोलणं मोजकं, पण हाताखालच्या नळीवर तिचा विश्वास होता.

एकोणीसशे एकाहत्तरची गोष्ट. मरोळच्या एका कारखान्यातला फिटर लवू सकाळी आठला छाती धरून आला. सातपासून दुखत होतं. कार्डिओग्राम साफ निघाला. सेराफिनाने रक्तातलं एस.जी.ओ.टी. तपासलं, तेही अठ्ठावीसच, म्हणजे ठीक. डॉक्टर श्यामकांतांनी गॅसचं औषध देऊन त्याला घरी धाडलं.

सेराफिनाला मात्र चैन पडेना. हृदयाला इजा झाली की हे द्रव्य रक्तात उतरतं, पण त्याला सहा-आठ तास लागतात. लवूचं रक्त तर तासाभरातच काढलेलं! दोन वर्षांपूर्वी असाच एक चांगला रिपोर्ट तिने एका म्हाताऱ्याच्या हाती ठेवला होता, आणि दुसऱ्याच दिवशी तो गेल्याचं कानावर आलं होतं.

ती डॉक्टरांकडे गेली. ''संध्याकाळी परत रक्त घेऊया ना त्याचं.''

''बाई, वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकल्यात. धडधाकट माणसाला कुठे ठेवू?''

त्यांचंही खोटं नव्हतं. चारला ड्युटी संपली, तशी तिने उकळलेली सिरिंज डब्यात घातली, केसपेपरवरचा पत्ता घेतला आणि लवूची चाळ गाठली. लवू भिंतीला टेकून बसला होता.

''सकाळीच काढलास मां रगात? आता अजून कित्याक? माका काय एक झाला नाय, बाये.''

त्याची बायको मालन दारातूनच कडाडली, ''गप बसा! हात पुढे करा.''

रक्त घेऊन सेराफिना बसने परत इस्पितळात आली. रक्तावर निवळलेल्या पाण्याची नळी तासभर कोमट पाण्यात ठेवून तिने रंग आणणारं शेवटचं रसायन घातलं. सकाळी फिकट राहिलेला रंग या वेळी गडद तपकिरी झाला. आकडा आला एकशे चाळीस. तिने नळी तशीच उचलली आणि डॉक्टरांपुढे धरली.

श्यामकांत गाडीची किल्ली घेऊन उठले. लवूला त्यांनी आणि शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली उतरवलं. पहाटे त्याच्या हृदयाचे ठोके बिघडले, पण तेव्हा तो इस्पितळातल्या खाटेवर होता आणि डॉक्टर उशाशी. निभावलं. सहा आठवडे त्याला कुशीवर वळायलाही मालनची परवानगी लागायची.

डॉक्टर दोन दिवस सेराफिनाची नजर चुकवत होते. तिसऱ्या दिवशी स्वतः लॅबमध्ये आले, स्टुलावर बसले. ''मी त्याला घरी पाठवला होता, बाई.''

''आणि रिपोर्ट मी दिला होता, डॉक्टर,'' सेराफिना म्हणाली. ''चहा घेणार?''