कस्तुराबाईची मोनी

केनवडच्या कस्तुराबाईचा जन्म वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवण्यात आणि बाजारात विकण्यात गेला. मुलगा गोपाल वाशीमला नोकरीला, तिथं त्याचा फ्लॅट. पण त्याच्याकडे ती कधी मुक्कामाला राहिली नाही. "डब्यात बसल्यावानी वाटते," म्हणायची आणि संध्याकाळची एसटी गाठायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र तिचा इलाज चालला नाही.

फ्लॅटच्या हॉलमध्ये मोठ्या पानांचं एक झाड होतं. सून उज्ज्वलानं हौसेनं आणलेलं मॉन्स्टेरा.

"याले काय येते वं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"काही नाही आई, नुसती पानं. पाहाले छान वाटते."

भाजी नाही, फूल नाही, तरी घरात जागा! कस्तुराबाईला मोठी गंमत वाटली. नाव काही जिभेवर बसेना, म्हणून ती त्याला मोनी म्हणू लागली.

एका दुपारी घरात कोणी नसताना तिचं लक्ष पानांवरच्या भोकांकडे गेलं. अळी! तिनं एकेक पान उलटून पाहिलं, अळी काही सापडेना. शेवटी देवघरातली उदबत्तीची राख आणून साऱ्या पानांवर भुरभुरवली. उज्ज्वला घरी आली, तर झाड पांढरंफटक.

"आवं पोरी, अळीनं खाऊन टाकलं ना!"

उज्ज्वला हसता हसता खालीच बसली. "आई, याचं पानच तसं असते. भोकाचं!"

कस्तुराबाई आधी ओशाळली, मग तिलाही हसू आवरेना.

पण रोज तांब्याभर पाणी घालणं सुरूच होतं. पानं पिवळी पडायला लागली. तिनं मातीत बोट घातलं, तर नुसता चिखल. "वांग्यावानी पानी देऊन राह्यलो आपून," ती हळहळली. दोघींनी झाड उपसलं. सडलेल्या काळ्या मुळ्या उज्ज्वलानं कापल्या, आणि तोवर कस्तुराबाई झाड मांडीवर घेऊन बसली होती. नव्या कुंडीत माती, नारळाचा भुसा आणि थोडी रेती घातली. कुंडी कूलरच्या थेट झोतातून काढून खिडकीजवळ ठेवली.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, ते ती एरवी टाळायची. आता वॉकर धरून दिवसातून कितीदा तरी खिडकीपाशी जायची. माती कोरडी झाली का चाचपायची, ओल्या फडक्यानं पानं पुसायची. गुडघा कधी वळायला लागला, तिचं तिलाच कळलं नाही.

एके सकाळी देठातून पोपटी सुरळी वर आली. हळूहळू ती उलगडली आणि भोकांसकट कोवळं, चकचकीत पान बाहेर आलं. कस्तुराबाईनं गोपालला ऑफिसात फोन लावला.

"काय झालं माय?" तो घाबरलाच.

"पान उघडलं बाप्पा! पेढे घेऊन ये!"

त्यानं खरंच पेढे आणले. शेजारच्या धनीबाईला बोलावून पान दाखवलं, सगळ्यांचं तोंड गोड केलं.

कस्तुराबाई आपल्या पायांनी केनवडला परतली. आता बाजार आटोपला की ती वाशीमची एसटी धरते आणि दोन-दोन दिवस राहते.

"माय, आमाले भेटाले आली का मोनीले?" गोपाल चिडवतो.

"तुमी दोघं तर धट्टेकट्टे आहा," फडकं पिळत ती म्हणते आणि थेट खिडकीकडे वळते.