रिठीवरचे राणीछाप रुपये

त्या वर्षी हरभरा निघाल्यावर आम्ही शेतात पाइप शोधायला गेलो होतो. हे आधीच सांगते, कारण पुढे गावात ज्याने त्याने ही गोष्ट सांगताना सुरुवातच बदलून टाकली.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. म्हणून सासऱ्यांनी फार पूर्वी नदीवरून शेतापर्यंत लोखंडी पाइप आणला होता, जमिनीत चांगला खोल पुरून. तो कुठून कसा वळतो ते एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, आणि ते गेले. आता पाइप मधेच कुठंतरी फुटला होता. मोटर जोरात चालायची आणि शेतात करंगळीएवढी धार पडायची. माझे पती शेती करतात, मी शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. यांनी बरंच खोदून पाहिलं आणि शेवटी अकोल्याच्या मिस्त्रींना फोन केला.

मिस्त्री म्हणजे यांचे आयटीआयपासूनचे मित्र. अकोल्यात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. ईदला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा यायचा, आमची तुरीची डाळ त्यांच्याकडे जायची. मला ते भाभी म्हणत. जमिनीतले पाइप आणि केबल शोधायला त्यांनी धातू शोधायचं मशीन घेतलं होतं. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. लोक त्यांना गावोगाव बोलवायचे.

रविवार होता, शाळेला सुट्टी, म्हणून मीही शेतात गेले. मिस्त्रींनी नदीकडून सुरुवात केली. थाळी जमिनीवरून हलकेच फिरवत ते चालत, आणि जिथं पाइप लागेल तिथं हे तुऱ्हाटी, तुरीची वाळकी काडी, रोवत. तुऱ्हाट्यांची रांग धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं वर सरकली आणि रिठीपाशी येऊन थांबली.

रिठ म्हणजे उठून गेलेल्या गावाची जागा. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला ती आहे. बाकी जमीन काळीभोर आणि तेवढाच तुकडा पांढऱ्या मातीचा. नांगरताना तिथं खापरं निघतात. कोणतं गाव होतं, लोक का गेले, हे कुणालाच सांगता येत नाही.

तिथं मिस्त्रींनी हेडफोन काढून माझ्याकडे दिला. “ऐका भाभी. आतापर्यंत घरघर होती, थे लोखंड. आता पाहा.”

मी कानाला लावला. बारीक, स्वच्छ आवाज होता, दूरवर कुणी पितळी घंटी वाजवावी तसा.

“पाइपचा जोड असन पितळी,” हे म्हणाले आणि खोदायला लागले. पांढरी माती दगडासारखी बसलेली. कुदळ उडायला लागली तशी हे सब्बल, म्हणजे पहार, आणायला खोपडीकडे गेले. ही झोपडी शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. मिस्त्री आणि मी खड्ड्याशेजारी बसून राहिलो. त्यांच्या मुलीला अमरावतीला नर्सिंगला जायचं होतं, ते त्याबद्दल विचारत होते. कॉलेज कोणतं बरं, होस्टेल कसं. माझं माहेर अमरावतीचं, म्हणून मी जमेल तसं सांगत होते. बोलता बोलता खड्ड्याच्या कडेची माती आपोआप ढासळली आणि हिरवट कड दिसली. पितळी तांब्यासारख्या गडव्याची कड.

मी पुढे वाकले, तर मिस्त्री उठून मागे सरले.

“भाभी, मी हात नाई लावत. तुमीही नका लावू. भाऊले येऊ द्या.”

मला तेव्हा गंमत वाटली. म्हटलं, साप आहे काय त्यात. ते हसले नाहीत.

हे आले, त्यांनी सब्बलनं कडेची माती सोडवली आणि गडवा वर काढला. तोंड फुटलेलं, आत माती आणि मातीत एकमेकांना चिकटलेल्या काळ्या चकत्या. एक मी पदरानं घासली. राणीचं तोंड दिसलं. माहेरी लक्ष्मीपूजनाला पाटावर असाच एक राणीछाप रुपया मांडायचे, त्यामुळे मी लगेच ओळखलं. मग आम्ही तिघंही हसलो. हे तर खाली मातीत बसूनच हसले. इतक्या वर्षांत त्या शेतानं आम्हाला असं काही दिलं नव्हतं.

मिस्त्रीच आधी भानावर आले. “पोलीस पाटलाले बोलाव. आत्ताच, इथंच. त्याच्या समोर काय थे मोजा.”

“पहिले दादाले विचारतो,” हे म्हणाले. “जमीन दोघांच्या नावची हाय.”

“दादाले सांग ना, पण पाटलाले आत्ताच बोलाव. मी माह्यासाठी म्हणून राह्यलो, भाऊ.”

यांनी ते मनावर घेतलं नाही. मोठे दीर अमरावतीला नोकरीला असतात, घरातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय होत नाही. त्यांनी फोनवर सांगितलं, कुणाजवळ बोलू नका, मी सकाळी येतो. मिस्त्री जेवायला थांबले नाहीत. मी पातोड्यांची भाजी करून ठेवली होती. “काम हाय दुकानात,” म्हणाले आणि मशीन पाठीला बांधून दुपारच्या गाडीनं निघून गेले.

शेजारच्या शेतातून कुणीतरी पाहिलं असणार. सकाळी मोठे दीर पोचेपर्यंत रिठीवर माणसं जमली होती. दादांनी ओसरीवर गडवा उजेडात धरला, आत पाहिलं आणि विचारलं, “हा अर्धाच कसा?”

“अर्धी मातीच होती,” हे म्हणाले.

“तू काढला तवा, की तू येयाच्या आधी?”

सब्बल आणायला गेल्याचं यांनीच त्यांना फोनवर सांगितलं होतं. आता गावभर झालं म्हटल्यावर दादांनीच पोलीस पाटलाला बोलावलं. तलाठी आले, पंचनामा झाला, गडवा कापडात बांधून त्यावर सील लागलं आणि तहसीलला गेला. पंचांपुढे दादा म्हणाले, “अकोल्याचा एक मशीनवाला होता सोबत. तो कालच दुपारी निघून गेला.” त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. पण ते ऐकून पंचांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला दारातून दिसलं.

दोन दिवसांनी मिस्त्रींच्या दुकानात पोलीस गेले. मशीन उचललं, घर पाहिलं आणि त्यांना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. इकडे गावात गडव्याचा हंडा झाला आणि चांदीचं सोनं. आमच्या रिठीवर रोज कुणी ना कुणी खोदायला येई. धुरा फोडला, तुऱ्हाट्या उपटून टाकल्या. पाइपचं काम तसंच राहिलं. मोबाइलवर मिस्त्रींचा दुकानासमोरचा फोटो फिरत होता, खाली नको नको ते लिहिलेलं. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी तो मलाच पाठवला, हे तुमच्याच शेतातलं ना, असं विचारून.

यांना म्हटलं, “मी होती तिथं. मले कोणी विचारलंच नाई. मी जबाब देते.”

“माहा जबाब झाला ना.”

“तुमी सब्बल आणाले गेले होते.”

यांनी मोटारसायकल काढली आणि मला दर्यापूरला ठाण्यावर घेऊन गेले, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. आत मात्र आले नाहीत.

आतले साहेब सभ्य होते. म्हणाले, “मॅडम, तुमच्या मिस्टरांचा जबाब झालेला आहे. तुम्ही कशाला त्रास घेता?”

“ते तेव्हा तिथं नव्हते. मी होते.”

त्यांनी कागद ओढला. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मग पेन थांबलं. “म्हणजे तेवढा वेळ तुम्ही दोघंच होतात?”

वर्गात रोज चाळीस पोरांपुढे बोलणारी मी, पण त्या प्रश्नानं माझे कान गरम झाले. प्रश्न सरळ होता. माझं उत्तर कागदावर कसं दिसेल, ते माझ्या लक्षात आलं.

“हो,” मी म्हटलं. “आम्ही दोघंच होतो. त्यांनी गडव्याला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. माझे पती आल्यावर त्यांनीच तो काढला. असंच लिहा.”

त्यांनी लिहिलं. मी सही करण्याआधी वाचलं. एका जागी ‘माझे मित्र’ असं लिहिलं होतं. मी ते ‘माझ्या पतीचे मित्र’ करायला लावलं. बाहेर येताना मला स्वतःचीच चीड आली, की एवढ्याशा शब्दाला मी घाबरले.

त्या रविवारी दादा पुन्हा आले. आमच्या घरात मोठे दीर धाकट्याच्या बायकोशी थेट बोलत नाहीत, तशी रीत आहे. ते ओसरीवर बसून यांना म्हणाले, “तिले विचार, ती तिथं काहून थांबली? घरच्या बाईनं परक्या माणसासोबत बसाचं, अन् मंग त्याची साक्षही द्याची. आता लोक काय म्हणून राह्यले, थे आयकलं काय तू?”

मी आतून बाहेर आले. आजवर मी कधी त्यांना उलट उत्तर दिलेलं नव्हतं.

“दादा, मी माझ्या शेतात थांबली होती,” मी म्हटलं. “अन् जे पाहिलं ते सांगतलं.”

त्यांनी मान वर केली नाही. चहा तसाच ठेवून उठले. हे त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

संध्याकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन टेकले. खाली पाहत म्हणाले, “मी सब्बल आणाले गेलो तवा तुमी काय बोलत होते?”

मी सांगितलं. नर्सिंगचं कॉलेज, होस्टेल, तिथली मेस. सगळं सांगितलं, एकेक वाक्य आठवून. सांगता सांगता जाणवलं की मी परीक्षा देऊन राहिले आहे.

“बरं,” हे म्हणाले.

त्यांना संशय होता की नुसतं विचारायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही. पण पुढे कित्येक दिवस आमच्यात जेवणाखाण्यापलीकडे बोलणं झालं नाही. मी शाळेतून आले की कपडे बदलायच्या आधी थोडा वेळ नुसती बसून राहायची.

मिस्त्रींकडे काही सापडलं नाही, सापडणार तरी काय. तहसीलमध्ये गडवा रिकामा केला तेव्हा खालची माती इतकी घट्ट निघाली की छिन्नीनं फोडावी लागली. तिथल्या कारकुनानंच यांना सांगितलं, ही माती काही परवा भरलेली नाही. प्रकरण मिटलं. पण मिटल्याचा फोटो कुणी मोबाइलवर पाठवला नाही. रुपये सरकारजमा झाले. पाऊस पडायच्या आत आम्ही जुना पाइप सोडून प्लास्टिकचा नवीन टाकला.

सोयाबीन निघाल्यावर आम्ही दोघं अकोल्याला गेलो. डाळ नेली होती. मिस्त्री दुकानात एक मोटर उघडून बसले होते. आम्हाला पाहून उठले, हात पुसले, यांना मिठी मारली. मला भाभी म्हटलं नाही, म्हणाले, “या मॅडम, बसा.”

मशीन कोपऱ्यात उभं होतं. ते पोलिसांकडून परत मिळालं होतं, पण थाळी तडकलेली होती. यांनी ते पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. “मिस्त्री, त्या दिवशी मी तुह्यं आयकलं असतं तर...”

“राहू दे भाऊ,” मिस्त्री म्हणाले. “मोटर कशी चालून राह्यली?”

मग ते दोघं मोटरचं बोलत बसले, आणि मी वर त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं चहा केला, नानखटाई ठेवली. माझ्या जबाबाचं त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, “भाभी, आपने जो किया, वो हम नहीं भूलेंगे.” मग त्यांनी माझा हात धरला. “पर एक बात बोलूँ, बुरा मत मानना. इनको अब गाँव में मत बुलाना. उस दिन पुलिस आई तो पूरा मोहल्ला खड़ा था. मेरी सास ने तीन दिन खाना नहीं खाया. ये अब कहीं नहीं जाते. जिसको काम है वो मोटर इधर लेके आता है.”

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, आणि तरी त्या मला नाहीच म्हणत होत्या. दोन्ही खरं होतं.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले. दर्यापूर जवळ आल्यावर म्हणाले, “माह्यामुळं झालं. पाटलाले तवाच बोलवाले पाहिजे होतं.” त्याच महिन्यात त्यांनी दादांना जमिनीची वाटणी मागितली. इतकी वर्षं ते जे तोंडातून काढू शकले नव्हते, ते फोनवर एका दमात बोलले. वाटणीत रिठीचा तुकडा आमच्याकडे आला. दादांना तो नकोच होता.

गेल्या उन्हाळ्यात आमची मोटर जळाली. दर्यापुरातही दुरुस्ती होते, पण यांनी ती पिकअपमध्ये टाकून अकोल्याला नेली आणि संध्याकाळी घेऊन आले. मी जेवायला वाढलं.

“भेटले काय मिस्त्री?”

“हो. त्यानंच वाइंडिंग भरून देल्ली. चहा पाजला.”

“माझ्याबद्दल काही विचारलं?”

यांनी घास हातात धरून थोडा विचार केला. “नाई,” म्हणाले, आणि ताटाकडे पाहत जेवत राहिले.