मी विरोधी पक्षाची!

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. कारण माझा जो काही पचका इस्लामपुरात झाला, तसा वैऱ्याचाही होऊ नये!

मी कराडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, हे तुम्हाला माहीतच आहे. एका रविवारी इस्लामपूरला खुली वादविवाद स्पर्धा होती. विषय असा की, विकसनशील देशानं यंत्रं आणावीत की मजुरांच्या हाताला काम आणि नीट मजुरी द्यावी, आणि या सगळ्यात लोकांच्या ताटातल्या भाकरीचं काय? मी यंत्रांच्या विरोधी बाजूनं बोलणार होते. आठवडाभर आरशासमोर तयारी! आमचे हे तर म्हणाले, "अगं, मला पटलं. आता कुकर लाव."

त्या दिवशी एसटीनं उशीर केला. धापा टाकत कार्यालयाच्या दारात पोचले आणि वॉचमनला विचारलं, "दोन्ही बाजू बोलणार आहेत तो कार्यक्रम कुठंय हो?"

"खालीच की! दोनी बाजू कवाच आल्यात. जावा आत."

गेले! दारात एका बाईंनी हळदीकुंकू लावलं, हातात पोह्यांची बशी दिली. म्हटलं, वा, काय स्वागत! आमच्या कॉलेजात वक्त्याला पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं.

सतरंजीवर समोरासमोर दोन गट बसले होते. मधे एक तरुण, नवा कोरा शर्ट, मान खाली, कपाळावर घाम. पहिलीच स्पर्धा असेल बिचाऱ्याची, असं वाटलं. मी त्याला हळूच म्हटलं सुद्धा, "घाबरू नकोस, आवाज मोठा ठेव." तो आणखीच घामाघूम!

तेवढ्यात समोरचे एक पिळदार मिशांचे गृहस्थ बोलायला लागले. "आमच्या पोरानं ऊस तोडायचं मशीन घेतलंय. धा-वीस माणसांचं काम एकटं करतंय. समद्या रानात ऊस. काय म्हंजी काय कमी न्हाई!"

मी चाट! काय ती शैली! घरचं उदाहरण, गावची भाषा, कागद नाही की काही नाही. हा माणूस बक्षीस नेणार. मग मी गप्प बसते होय? पदर खोचला आणि उभी राहिले.

"अध्यक्ष महाशय!"

कोपऱ्यातले एक म्हातारे फेटा सावरून ताठ झाले. ते गावच्या सोसायटीचे माजी अध्यक्ष निघाले, अण्णा. "बोला, बोला ताई!"

"यंत्राचं कौतुक ऐकलं. पण ज्यांच्या हातातला कोयता गेला त्यांनी काय करायचं? ज्या घरात यंत्राला मान, त्या घरात माणसाला काय किंमत राहणार?"

"बराबर हाय!" माझ्या मागून एक बाई ओरडल्या. मला आणखीच चेव!

मिशीवाले म्हणाले, "आवं, तोडायला माणसं गावत न्हाईत, म्हनून तर मशीन घेतलं!"

"गावत नाहीत, की तुम्ही मजुरी देत नाही?"

"आमी मजुरी बुडवतो म्हंता व्हय?" मिशा थरथरायला लागल्या.

"आणि सगळ्या रानात ऊस! ज्वारी कुठंय? ऊस चघळून पोट भरतं का? उद्या ताटात काय वाढणार?"

झालं! मागच्या बाईंनी कपाळावर हात मारला. "आगं बया! म्हंजी पोरीला तितं उपाशी ठेवत्यात!"

समोरून एक ठसठशीत बाई उठल्या. "कोन म्हंतं? आमच्या घरात दोन टायमाला गरम भाकरी असती!"

"ती ज्वारी तुमच्या रानातली का?"

"बार्शीची हाय! तुमाला काय करायचंय?"

"हेच ते! परावलंबन!" मी हवेत बोट नाचवलं. टाळ्यांची वाट बघत होते. टाळ्या कसल्या? मिशीवाल्यांनी पायात चपला सरकवल्या. "चला रं. असला अपमान करायला बलीवलं व्हय? ही बाई कोन तुमची?"

"आमची?" इकडचे गरजले. "आमास्नी वाटलं, तुमची आत्या हाय!"

सगळ्या माना माझ्याकडे. मी छाती काढून सांगितलं, "मी विरोधी पक्षाची!"

अण्णांनी फेटा मागं सरकवला. "ताई, हितं दोनच पक्ष हायत. येक वरपक्ष, येक वधूपक्ष."

अहो, तेव्हा कुठं मला भिंतीवरचा हार दिसला, ताटातला नारळ दिसला, न फुटलेली सुपारी दिसली! एका मुलीचं जमलेलं लग्न मी अर्थशास्त्रानं मोडलं होतं!

मी माफी मागायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा! तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगीच बाहेर आली. सरळ त्या घामाघूम तरुणासमोर उभी राहिली.

"ताई कुनाच्या का आसंनात, पर इचारलं ते खोटं न्हाई. दोन एकर ज्वारी पेरशीला का?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. तिच्याकडं बघितलं आणि बघतच राहिला.

"पेरतो की. मशीनबी शिकिवतो तुमास्नी, चालवायचं आसंल तर."

"आन् मी मशीन चालवाय गेल्याव भाकऱ्या कोन थापनार?"

"थापू की दोगं मिळून."

आधी मुलाची आई हसली. मग मिशा हसल्या. मग सगळी सतरंजी हसली आणि चपला परत दाराशी गेल्या. सुपारी फुटली! माझ्या तोंडात कुणीतरी आख्खा पेढा कोंबला. बहुतेक मी पुन्हा बोलू नये म्हणून.

तेवढ्यात जिन्यावरून संयोजक धावत आले. "मॅडम, तुम्ही इथं? वर स्पर्धा संपली की! तुम्ही नव्हता, म्हणून विरोधी बाजू बिनविरोध हरली!"

मी पर्स उचलून सटकत होते, तर अण्णा दारापर्यंत पोचवायला आले. हात जोडून, अगदी प्रेमानं म्हणाले, "ताई, लग्नाला यायचं बरं का. तुमच्याबिगर मजा न्हाई."

मला भरूनच आलं. "नक्की येईन अण्णा. कधी येऊ?"

"अक्षता पडल्याव."