एका यकृताची मशागत

शरीर हलवावं लागू नये म्हणून माझ्या रूम पार्टनरने जेवढी अक्कल खर्च केली, तेवढी अभ्यासात केली असती तर विद्यापीठाला त्याच्यासाठी वेगळं पदक काढावं लागलं असतं. आम्ही दोघं कोकणातून आलेलो, ठाण्याच्या कॉलेजात एमएस्सीला, आणि राहायला जवळच्या दिवा स्टेशनपाशी. इमारतीत पाणी सकाळी थोडा वेळच यायचं, तेही खालच्या नळाला. त्याची पाळी असली की हा रिकामी बादली कुशीत घेऊन जिन्याच्या पहिल्याच वळणावर झोपलेला सापडायचा. नाश्त्याला समोसा, दुपारी समोसापाव आणि संध्याकाळी ‘काहीतरी हलकं’ म्हणून भजी. पाणी पिण्याला त्याचा तात्त्विक विरोध होता. पोटातली जागा वाया जाते म्हणे. व्यायामाचे व्हिडिओ मात्र तो चटईवर आडवा पडून मन लावून बघायचा आणि शेवटी मोबाइल छातीवर ठेवून म्हणायचा, “दमलो रे आज.” कॉलेजात आरोग्य तपासणी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “व्यायाम काय करता?” हा गंभीरपणे म्हणाला, “मॅडम, शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. अर्धा आत, अर्धा बाहेर. फार ताकद लागते.”

असा हा माणूस एका दुपारी ठाण्याहून आला आणि खाटेखालचे फरसाणचे पुडे काढून माझ्यापुढे मांडू लागला. “घेऊन जा सगळं. नजरेसमोर ठेवू नकोस.” मला वाटलं, कुणी मुलगी आवडली असणार. मी हसलो. तो हसला नाही. गावाकडे वडिलांची कावीळ हटत नव्हती, हे मला माहीत होतं. त्यांचं यकृत निकामी झालंय आणि घरातल्या कुणाच्या तरी यकृताचा तुकडा बसवावा लागणार, हे तेव्हा कळलं. आईला मधुमेह, म्हणून ती बाद. हा एकुलता एक. रक्तगट जुळलेला. तपासण्या करून तो डॉक्टरांसमोर बसलेला, तर ते म्हणाले, “तुमच्या यकृतावर चरबी साठलीय. या अवस्थेत घेता येणार नाही.”

“मग उतरवतो ना,” हा म्हणाला, जणू एसटीच्या टपावरची पेटी उतरवायची होती.

“उपाशी राहून नाही. नीट जेवून आणि चालून. आणि आपल्याकडे वेळ फार नाही.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीत त्याचं यकृतही वेगळा भाडेकरू म्हणून राहायला आलं. हा त्याला ‘साहेब’ म्हणायचा. उजव्या बरगडीखाली थोपटून विचारायचा, “काय साहेब, थोडे तरी सडपातळ झालात का?” साहेबांना मोड आलेले मूग आवडतात, मैदा चालत नाही, असं मेसवाल्या काकूंना त्याने इतक्या अदबीने सांगितलं की त्या बिचाऱ्या खरोखरच कुणी अधिकारी जेवायला येणार म्हणून नवीन ताटं काढून बसल्या. पाण्याची माझी पाळीही त्याने घेतली आणि वरच्या मजल्यावरच्या आजींचे हंडेसुद्धा तोच चढवू लागला. आजींना वाटायचं, पोरगा निवडणुकीला उभा राहतोय. कॉलेज सुटलं की तलावपाळीला तळ्याभोवती फेऱ्या. मला बरोबर ओढायचाच. चाटच्या गाड्या आल्या की नाक दाबून, डोळे मिटून माझ्या खांद्याला धरून चालायचा, आणि लोक मला “सावकाश न्या हं त्यांना” म्हणून वाट करून द्यायचे.

एकदाच तो डगमगला. फेऱ्या अर्ध्यावर टाकून नौपाड्यातल्या एका दुकानातून त्याने समोसा घेतला आणि पायरीवर बसून नुसता बघत राहिला. “बाबांचा फोन आलेला,” तो म्हणाला. “म्हणतात, राहू दे रे, तुझं अजून सगळं व्हायचंय. माझं काय, जगून झालं.” त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, घाम कुठला आणि रडू कुठलं, कळत नव्हतं. मग समोसा माझ्या हातात देऊन म्हणाला, “तू खा. माझ्यासमोर खा. कसा झालाय सांग.” मी घास घेतला. “खारट झालाय,” मी म्हटलं. “मग बरं,” म्हणत तो उठला आणि राहिलेल्या फेऱ्या पुऱ्या करायला निघाला.

पुढच्या तपासणीत साहेब पास झाले. डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला, याच्या सैल झालेल्या शर्टाकडे पाहिलं आणि टेबलावरून हात पुढे केला. तरी वडील अडूनच होते. इस्पितळात, हळदीसारखे पिवळे डोळे भिंतीकडे वळवून म्हणाले, “माझ्यापायी याच्या अंगाला सुरी लागायची नाही.” आई पदराने डोळे पुसत उभी. हा खाटेवर बसला आणि म्हणाला, “बाबा, मी तुम्हाला विचारायला आलेलो नाही. मी तयारी करून आलेलोय. परीक्षेला बसू द्या.” मग वडिलांनी न वळताच हात मागे केला आणि याने तो धरला.

दोघंही शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर आले.

तो मात्र कॉलेजात परत आला नाही. वडिलांची गावात पिठाची गिरणी होती आणि त्यांना आता ओझं उचलायला मनाई होती. वर्षाचं नुकसान झालं, मग पुढचंही वर्ष गेलं. एमएस्सीचा निकाल लागल्यावर मी त्याच्या गावी गेलो. वडील अंगणात कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसलेले, गालांवर चांगला रंग. याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या.

“आपल्या वर्गातले सगळे सुटले का रे?” त्याने विचारलं.

“सुटले.”

“छान झालं,” तो म्हणाला आणि थोडा वेळ गिरणीच्या पट्ट्यावर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने गिरणी सुरू केली, आणि त्या आवाजात मला पुढचं काही बोलता आलं नाही.