शनिवारचा भाव आणि हरवलेला रोलर

ठेकेदाराने रस्त्यावरच्या मजुरांना फसवले. शनिवारी एका हाताने मजुरी द्यायची आणि त्याच शनिवारी दुसऱ्या हाताने ती काढून घ्यायची, असा त्याचा प्रकार होता. फिर्याद मात्र त्यानेच मजुरांविरुद्ध दिली आणि ती मीच नोंदवून घेतली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे विसरलो. हे प्रकरण विसरता येत नाही. एक तर त्यात मी पोट धरून हसलो, आणि दुसरे म्हणजे ते अजून मिटलेले नाही.

तेव्हा मी भोर-वेल्हे पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. नावे कोणाचीच देत नाही. ज्यांची आहेत ते वाचताना स्वतःला ओळखतील.

सोमवारी सकाळी ठेकेदार ठाण्यात आला. गडाच्या पायथ्याला जाणाऱ्या पालीच्या रस्त्याच्या देखभालीचे काम त्याच्याकडे होते.

"साहेब, माझा रोलर चोरीला गेला."

"कधी?"

"काल. रविवारी काम बंद असतं. मजुरांनीच नेलाय. ड्रायव्हरपण त्यांच्यातलाच."

माझे जुने हवालदार फिर्याद लिहीत होते. त्यांनी पेन खाली ठेवले. "साहेब, रोलर म्हशीच्या चालीनं चालतो. पळवायचा म्हटला तरी पळवणार कसा?"

तरी गुन्हा दाखल झाला आणि तपास सुरू झाला. सारोळ्याच्या पुलाजवळ नाकाबंदी लावली, ट्रेलर तपासले, भंगारवाल्यांची दुकाने पालथी घातली. एक चोरीची पाण्याची मोटार सापडली, जीपमध्ये कोंबलेल्या दोन शेळ्या सापडल्या, रोलर सापडला नाही. हवालदारांनी मजुरांचे जबाब घेतले. सगळ्यांचे एकच उत्तर: "म्या न्हाई बगितला." खरे तर तो रविवारी भर दुपारी रस्त्याने गेला होता. गडावर आलेल्या पोरांनी त्याच्याबरोबर फोटो काढले होते. काम चालू असेल असे समजून कोणी विचारले नाही, आणि पुढे तो कुठे वळला ते कोणी पाहिले नाही. ठेकेदार मात्र रोज फोन करून आपल्या ओळखी कुठवर आहेत ते मला सांगत होता.

खबर मिळाली ती दुधाच्या मापातून. आमच्या क्वार्टरला दूध घालणारा गवळी पालीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाडीतून मोटारसायकलवर यायचा. माप नेहमी कमी आणि कारण नेहमी तेच, वाट खराब, दूध हिंदकळून सांडते. त्यावरून आमचे रोज भांडण. तो आठवडा माझा नाकाबंदीवरच गेला; शनिवारी सकाळी दूध घ्यायला स्वतः उभा राहिलो, तर त्याने माप काठोकाठ भरले.

"काय रे, आज एवढा उदार?"

"उदार कसला साहेब. आता सांडतच न्हाई. वाडीचा रस्ता लई ब्येस झालाय."

"कधी झाला?"

त्याचा हात थांबला. "झाला की... असाच."

"या तालुक्यात आल्यापासून असाच झालेला एकही रस्ता मी पाहिला नाही," मी म्हणालो.

त्याने किटलीचे झाकण लावले आणि गाडीला किक मारली.

मी गणवेश उतरवला, साधे कपडे आणि पांढरी टोपी घातली आणि हवालदारांना घेऊन खासगी गाडीने निघालो. गडाच्या पायथ्याशी एका किराणा दुकानात थांबलो. अंड्यांचा भाव विचारला. भोरच्या जवळजवळ दीडपट. मी घासाघीस सुरू केली, तर दुकानदाराने मानही वर केली नाही.

"काका, शनिवार हाय. शनिवार-रविवारचा भाव येगळा. गडावरची गिऱ्हाइकं असत्यात. परवडत नसंल तर सोमवारी या."

एवढ्यात एक बाई आली. वय झालेले, पायांना डांबर लागलेले. हातात चिठ्ठी. तिने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे विचारले, "तेल कसं दिलं रं आज?"

"शनिवारच्या भावानं."

"आन मुकादमाची ही मजुरीची चिठ्ठी सोमवारी चालंल का?"

"दर शनिवारी तेच काय इचारती मावशे? चिठ्ठी आजची आजच. दुसऱ्या दुकानात जाऊन बघ, कुणी घेतंय का."

हवालदार माझ्या कानाशी लागले. "ठेकेदार मजुरी रोख न देता या चिठ्ठीत देतो. दुकान त्याच्या मुकादमाच्या मेहुण्याचं आहे, साहेब."

माझे डोके तापले. माझी आई भोरच्या बाजारात भाजी विकायची. भाव करायला मी तिच्या मांडीला मांडी लावून शिकलो. महाग विकणे हा गुन्हा नाही. गिऱ्हाइकाला पाय उचलून पुढच्या दुकानात जाता येते, घासाघिशीची सगळी ताकद त्या पायात असते. या चिठ्ठीने त्या बाईचे पायच बांधले होते. मी अंडी तिथेच ठेवली आणि निघालो. मावशी त्याच बाजूला जाणार होती, म्हणून तिला गाडीत घेतले.

वाडीकडे वळलो आणि गाडीचा खडखड आवाज बंद झाला. मुरूम सपाट दाबलेला, एक खड्डा नाही. ज्या पालीच्या रस्त्याची देखभाल चालली होती त्याच्यापेक्षा हा सरस.

"साहेब, डोळा लागतोय," हवालदार म्हणाले.

रस्ता संपला तिथे शेळ्यांचा वाडा, वाड्याला लागून भाताच्या पेंढ्याची भलीमोठी गंज आणि गंजीपाशी बांधलेली म्हैस. म्हशीने पेंढ्याला नाक लावले, फुसकारा टाकला आणि तोंड फिरवले. डिझेलचा वास मलाही आला. मी काठी खुपसली. ठण्ण!

त्याबरोबर सगळ्या वाडीला एकदम कामे आठवली. कोणी शेळीच्या पायातला काटा बघू लागला, कोणी कोरडी घागर घेऊन निघाला. ड्रायव्हर तेवढा जागेवर उभा राहिला.

मी कडाडलो, "रोलर का चोरलास?"

"चोरला न्हाई साहेब. अडकवून ठिवलाय."

"आणि हा रस्ता?"

"मऊ वाटंवर चाक रुतलं असतं. म्हनून बायांनी म्होरं मुरूम पसरला, म्या मागनं दाबत आलो. खुना दिसू न्हाईत म्हनून परत एकदा फिरवला."

हवालदारांना हसू आवरेना. "साहेब, पळताना माग पुसणारे चोर पाहिले. रस्ता बांधत पळणारा पहिलाच."

मग मीही हसलो. मावशी गाडीतून उतरून पुढे आली.

"तुमास्नी म्या दुकानातच वळाकलं. म्हनून तर भाव मोठ्यानं इचारला. साहेब, आमी काय गड चढाय येतो व्हय? मग आमाला गडाचा भाव का? बाजाराच्या आदल्या दिशी रोख मजुरी द्या म्हनावं. रोलर आत्ता घिऊन जा."

एवढीच मागणी. पोराबाळांच्या घरात चांगली डाळ पुरेशी शिजावी, यापलीकडे तिला काही नको होते.

पंचनामा केला, रोलर ताब्यात घेतला आणि ठेकेदाराला ठाण्यात बोलावले. त्याला सगळ्यांना अटक हवी होती.

"करतो की," मी म्हणालो. "पण मजुरी चिठ्ठीत देता येत नाही. ती रोख द्यावी लागते, नाहीतर बँकेत. मजुरांचे तेही जबाब नोंदवतो. दोन्ही प्रकरणं बरोबरच कोर्टात जातील."

तो नरमला. "अर्धी रोख, अर्धी चिठ्ठी. चालेल?"

मी टेबलावर हात आपटला. चहा त्याच्या पांढऱ्या पँटवर सांडला. मग आईची रीत आठवली. मी उठलो, टोपी घातली आणि दाराकडे चालू लागलो.

"साहेब, थांबा! पूर्ण रोख!"

बाजाराच्या आदल्या दिवशी रोख मजुरी आणि चिठ्ठी बंद, असे त्याने लिहून दिले. रोलर गैरसमजातून हलवला गेला, असा पुरवणी जबाबही दिला. मी न्यायालयाकडे 'क' समरी, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला असा अहवाल, पाठवली आणि चिठ्ठीच्या प्रकाराचा अहवाल कामगार खात्याला.

नंतर एकदा मावशी भोरच्या बाजारात दिसली. कांदेवाल्याशी तिचे जुंपले होते. तिने पिशवी उचलली आणि चालायला लागली. कांदेवाल्याने मागून हाक मारली, "या आत्या, घ्या तुमच्या भावानं!" मला पाहून ती खुदकन हसली. "लई दिसांनी पाय उचलला, साहेब."

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कोणी काय चोरले हे विचारण्याआधी, त्याला दुसऱ्या दुकानात जाता येत होते का, हे मी विचारू लागलो.

अहवालाला उत्तर आले नाही. मला मात्र मेमो आला, रोलर शोधायला एवढा वेळ का लागला याचा खुलासा करा. केला. निवृत्त झालो. परवा त्या गवळ्याच्या घरी बारशाला गेलो, तर वाडीच्या फाट्यावर फलक उभा. रस्ता सुधारणा, काम पूर्ण, खाली त्याच ठेकेदाराचे नाव. कचेरीत जाऊन विचारले. बिल केव्हाच मंजूर झाले होते.

म्हणजे चोरीची फिर्याद त्याची आणि चोरांनी केलेल्या रस्त्याचे बिलही त्याचेच. ठीक आहे. काम पूर्ण झाले अशी सही ज्याने केली, त्याला मी या लेखातून जाहीर विचारतो. मुरूम पसरणाऱ्या बायांची आणि रोलर चालवणाऱ्याची त्या रविवारची मजुरी कुठे आहे? उत्तर द्या, आणि मजुरीही द्या. रोख द्या. बाजाराच्या आदल्या दिवशी.